जुन्या डीझेल मालमोटारीचे आवाज व त्यांची पारख

नागपूर जिल्ह्यांतील काटोल, नरखेड व कळमेश्वर या तालुक्यांत आणि शेजारच्या वरूड-मोर्शी भागांत ज्यांच्या संत्र्याच्या बागा आहेत, त्यांस आपला माल कळमन्याच्या बाजारांत वेळेवर पोंचविण्याचा प्रश्न दर हंगामीं सोडवावा लागतो. आंबिया बहाराचीं फळें ऐन तोडीस आलीं म्हणजे भाड्याची गाडी मिळत नाहीं, आणि मिळाली तर तिचें भाडें परवडत नाहीं. यामुळें चार-पांच बागाईतदार मिळून, किंवा एखादा सधन बागाईतदार एकटाच, जुनी मालमोटार विकत घेण्याचा विचार करतो. विचार चांगला आहे. परंतु ज्या वस्तूंत एका बहाराचें उत्पन्न ओतावयाचें, ती वस्तु बहुधा डोळ्यांनींच पारखली जाते. नवा रंग, टायरांची नक्षी, हौद्याच्या फळ्या, आर. सी. बुक, फिटनेसचा दाखला, हें सर्व पाहून होतें. मग एंजिन सुरू होतें, आंतून कांहीं तरी खडखडतें, आणि विकणारा म्हणतो, "भाऊ, डीझेल गाडी आहे, वाजणारच." हें उत्तर निम्में खरें आहे, आणि निम्में खरें असल्यामुळेंच तें घातक आहे. डीझेल एंजिन वाजतें यांत शंका नाहीं. पण त्याचें स्वाभाविक वाजणें कोणतें व रोगाचें वाजणें कोणतें, हा भेद ज्यास कळतो त्यालाच या उत्तराला उत्तर देतां येतें. फिटनेसचा दाखला येथें उपयोगी पडत नाहीं. ब्रेक, दिवे, धूर यांची तो ग्वाही देतो. क्रँकशाफ्टच्या बेअरिंगांत किती जीव उरला आहे हें तो सांगत नाहीं.

आपल्या लोकांस यंत्र ऐकण्याची सवय नाहीं असें मात्र कोणीं समजूं नये. वंगण सुटलेल्या बैलगाडीची आंस लांबून ओळखणारा, आणि घरांत बसून विहिरीवरील ऑइल एंजिनाचा आवाज ऐकतांना "पंपाचें पाणी तुटलें" असें सांगणारा शेतकरी गांवोगांवीं आहे. पंपानें पाणी सोडलें म्हणजे एंजिनावरील भार जातो, त्याची गति किंचित् चढते व आवाज मोकळा होतो. हें तो कोणी न शिकवितां ओळखतो. मालमोटारीची पारख ही याच विद्येची पुढची पायरी आहे. आवाज किती मोठा आहे यावरून फारसें कांहीं ठरत नाहीं. तो कशानें बदलतो यावरून जवळजवळ सर्व ठरतें.

प्रथम गाड्यांविषयीं दोन शब्द. टेल्को कंपनीनें जर्मनीच्या डाइम्लर-बेंझ कंपनीच्या सहकार्यानें १९५४ सालीं जमशेदपूर येथें मालमोटारी बांधण्यास आरंभ केला. तो करार १९६९ सालीं संपला, पण त्या साध्या, दणकट, यांत्रिक एंजिनांचें वळण पुढें दीर्घकाळ टिकलें. १९८६ सालीं आलेली टाटा ४०७ ही लहान मालमोटार तर बागाईतदारांच्या विशेष ओळखीची आहे. तिच्या जुन्या ४९७ एंजिनाच्या नांवांतच त्याचें माप सांपडतें: चार सिलिंडर, व प्रत्येकाचा व्यास ९७ मिलिमीटर. मोठ्या गाडींतील ६९७ म्हणजे त्याच व्यासाचे सहा सिलिंडर. या पिढीच्या एंजिनांत डीझेलचा पंप, नोझल, झडपा हें सर्व शुद्ध यांत्रिक आहे, आणि पुढें जें लिहिलें आहे तें मुख्यतः त्यांनाच लागू आहे. १ एप्रिल २०१७ पासून सर्व देशांत भारत स्टेज ४ चे व १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ चे नियम लागू झाले. त्यानंतरच्या बहुतेक मालमोटारींत विजेच्या हुकमावर डीझेल सोडणारी कॉमन-रेल पद्धति आहे. तिच्या कांहीं गोष्टी निराळ्या आहेत. त्या यथास्थळीं सांगूं.

डीझेल एंजिनांत ठिणगी नसते. सिलिंडरांतील हवा सोळा ते वीस पटींनीं दाबली जाते, त्या दाबानेंच ती पांचशे अंशांच्या वर तापते, आणि मग नोझलमधून डीझेलची फवार तिच्यावर सोडली जाते. पण डीझेल पडतांक्षणींच पेटत नाहीं. चुलींतील निखाऱ्यांवर मूठभर पाचोळा टाकला म्हणजे क्षणभर नुसता धूर होतो व मग एकदम भडका उडतो, तसेंच येथें होतें. सेकंदाचा एक बारीक अंश डीझेल सांचत राहतें, आणि पेटतें तेव्हां सांचलेलें सर्व एकदम पेटतें. त्या भडक्याचा पिस्टनावर व सिलिंडराच्या भिंतींवर जो घण बसतो, तोच डीझेलचा ओळखीचा खडखडाट होय. एंजिन थंड असेल तर पेटण्यास उशीर अधिक, म्हणून सांचणें अधिक, म्हणून घणही जोराचा. डिसेंबरांतील पहांटे काटोलच्या बागेंत उभी असलेली गाडी सुरू होतांच आकांत करते आणि दहा मिनिटांत शांत होते, याचें कारण हेंच. कॉमन-रेल गाडींत मुख्य फवारीच्या आधीं डीझेलचा एक लहानसा थेंब सोडून आंतली हवा पेटती ठेवतात, त्यामुळें हा घण पुष्कळ सौम्य होतो. म्हणून जुन्या ४०७ वर तयार झालेला कान नव्या गाडीला लावला तर ती फारच निरोगी वाटते. तसें वाटूं देऊं नये.

यावरून पहिला नियम निघतो. गाडी पाहावयास जाल तेव्हां एंजिन थंड असलें पाहिजे. विकणाऱ्यास आधीं निरोप देऊन ठरल्या वेळीं गेलें, कीं गाडी सुरू करून, तापवून, आपल्या स्वागतासाठीं उभी केलेली असते. याचा हेतु प्रत्येक वेळीं लबाडीचा असतोच असें नाहीं, पण परिणाम एकच. झिजलेल्या सिलिंडरांत पिस्टन आडवा आपटून जो पोकळ ठकठकाट होतो, तो थंड एंजिनांतच ऐकूं येतो. एंजिन तापलें म्हणजे पिस्टन फुगतो, फट भरते व आवाज जातो. उलट बेअरिंगाची खडखड थंडींत दबलेली असते, कारण तेल घट्ट असतें. तेल तापून पातळ झालें कीं ती वर येते. म्हणजे एकाच एंजिनाला दोनदां ऐकावें लागतें. सकाळीं लवकर जावें, बॉनेट उघडून एंजिनावर हात ठेवून तें खरोखर गार आहे कीं नाहीं पाहावें, मग सुरू करावयास सांगावें. त्यानंतर निदान अर्धा तास गाडी चालवून पुन्हां ऐकावें. शक्य तर हें परीक्षण उन्हाळ्यांत करावें. आपल्या नागपुरास २३ मे २०१३ रोजीं ४७.९ अंश उष्णता मोजली गेली होती; ज्या एंजिनाचें बेअरिंग सैल आहे, तें असल्या दिवसांत दुपारीं तीन वाजतां आपलें गुपित लपवूं शकत नाहीं. याच कारणास्तव कांहीं विकणारे एंजिनांत मुद्दाम जाड तेल किंवा तेल घट्ट करणारें औषध ओततात. तेलाची कांडी काढून दोन बोटांत तेल घ्यावें. गार असतां तें काकवीसारखें ओढलें जात असेल व बोटांस चिकटून तार सोडीत असेल, तर भाव बोलण्याआधीं तें कां घातलें हें विचारावें.

आतां ऐकावयाचें कसें. लांब दांड्याचा पेंचकस घ्यावा, त्याचें टोंक एंजिनाच्या लोखंडावर टेकवावें व मूठ कानामागच्या हाडाला लावावी. पेंचकस नसेल तर हातभर लांबीची वाळलेली काठी चालते. जेथें आवाज सर्वांत स्पष्ट येतो, त्याच्याच जवळ उगम असतो. पण एंजिन चालू असतां पंखा व पट्टे फिरत असतात. म्हणून गळ्यांतला दुपट्टा प्रथम काढून दूर ठेवावा, सदऱ्याच्या बाह्या वर कराव्या, आणि पंख्याच्या बाजूनें वांकूं नये. दुपट्ट्याचें टोंक पंख्यांत गेल्यावर माणसाला सुटण्यास वेळ मिळत नाहीं.

जागा कळली म्हणजे बदल पाहावा. एंजिन तापल्यावर आवाज वाढतो कीं कमी होतो, वेग वाढविल्यावर कसा होतो, भार घेतल्यावर व भार सोडल्यावर कसा होतो, आणि क्लचचा पायटा दाबल्यावर कांहीं फरक पडतो काय, एवढेंच विचारावयाचें असतें. यांतील भाराची परीक्षा बहुतेक लोक करीतच नाहींत. गाडी जागेवर उभी ठेवून ॲक्सिलरेटर दाबून रेस दिली म्हणजे परीक्षा झाली असें मानतात. रिकाम्या एंजिनाला रेस देणें म्हणजे रिकामी गाडी ओढणाऱ्या बैलाचें बळ अजमावणें होय. भरलेली गाडी मनसर, देवलापार, खवासा असें करीत कुरईच्या घाटानें सिवनीकडे चढवून पाहतां आली तर उत्तम. पण विकणारा तितक्या लांब गाडी नेऊं देईलच असें नाहीं, आणि नागपूरच्या आसपास रस्ते बहुतेक सपाट. त्यावर उपाय असा कीं, सपाट रस्त्यावर गाडी हळू असतांच वरचा गिअर टाकावा आणि ॲक्सिलरेटर दाबावा. एंजिन कण्हत भार उचलूं लागतें. त्या अर्ध्या मिनिटांत तें जें बोलतें तें जागेवरच्या तासाभराच्या रेसमध्यें बोलत नाहीं. हें फार वेळ मात्र करूं नये.

सर्वांत गंभीर आवाज एंजिनाच्या तळाशीं असतो, म्हणून त्याचाच विचार सविस्तर करतों. पिस्टनाचा कनेक्टिंग रॉड जेथें क्रँकशाफ्टला धरतो, तेथें मऊ धातूच्या पातळ अर्धगोल वाट्या बसविलेल्या असतात. मिस्त्री त्यांस बिग-एंड बेअरिंग म्हणतात. क्रँक व वाटी यांच्यामध्यें माणसाच्या केसाच्या जाडीएवढी फट असते, आणि त्या फटींत दाबानें भरलेलें तेल असतें. एंजिन नीट असतां लोखंड लोखंडाला शिवत नाहीं. सगळा भार तेलाच्या त्या पातळ थरावर तरंगत असतो. तेल बदललें नाहीं, त्यांत धूळ किंवा डीझेल मिसळलें, किंवा त्याची पातळी उतरली, म्हणजे थर तुटतो, धातु घांसते व फट वाढते. वाढलेल्या फटींतून तेल भसकन् निसटून जातें, त्यामुळें पुढच्या बेअरिंगांना दाब कमी मिळतो. म्हणून एक बेअरिंग वाजूं लागलें कीं तें एकटें राहत नाहीं.

याचा आवाज लाकडी पेटीवर जड हातोडीनें ठोकल्यासारखा, भरीव व ठोस असतो. एंजिन तापल्यावर तो स्पष्ट होतो, भार घेतांना वाढतो, आणि विशेष खूण ही कीं, मध्यम वेगांत असतां ॲक्सिलरेटरवरील पाय एकदम काढला तर त्या उतरत्या क्षणीं दोन-तीन ठोके सुटे सुटे ऐकूं येतात. मुख्य बेअरिंगाचा आवाज याहून जड व खोल. कानापेक्षां तो पायाखालच्या पत्र्यालाच अधिक कळतो. दोहोंबरोबर तेलाच्या दाबाचा कांटा पाहावा. गरम एंजिन संथ चालतांना कांटा थोडा खालीं येणें स्वाभाविक आहे, पण वेग वाढवितांच तो झटकन् वर चढला पाहिजे. ठोका व पडलेला कांटा हीं दोन्ही एकत्र आलीं, तर निदानाला आणखी पुराव्याची जरूरी नाहीं. नुसताच कांटा पडला असेल व ठोका नसेल, तर कांटाच बिघडलेला असण्याचा संभव राहतो. अशा वेळीं मिस्त्रीकडून तेलाच्या नळीला दुसरा चांगला गेज लावून खरा दाब पाहावा.

हा ठोका रस्त्यांत प्रथम ऐकूं आला तर काय करावें? गाडी बाजूला घ्यावी व एंजिन बंद करावें. "आतां कळमना पंधराच मैल राहिला, हळूहळू नेऊं" हा विचार ड्रायव्हराच्या व मालकाच्या दोघांच्याही मनांत येतो, विशेषतः मागें संत्रीं भरलेलीं असतांना. त्या पंधरा मैलांत वाटी क्रँकवर फिरते, क्रँकला चरे पडतात, आणि वाट्या बदलून भागणारें काम क्रँक घांसून घेण्यावर किंवा नवा घालण्यावर जातें. त्याहूनही पुढें गेलें तर रॉड तुटून एंजिनाचा ब्लॉक फोडून बाहेर येतो. मग दुरुस्त करावयास एंजिनच उरत नाहीं. फळें दुसऱ्या गाडींत भरून नेण्याचा खर्च त्या मानानें क्षुल्लक आहे. संत्रें झाडावरून उतरल्यावर एक दिवस सांवलींत थांबूं शकतें, एवढें बागाईतदारास सांगावयास नको.

तथापि तळाचा ठोका ऐकला कीं लागलीच एंजिन उघडावयास सांगणाऱ्या मिस्त्रीपासूनही सावध असावें. क्रँकच्या पुढच्या टोंकाची पुली सैल झाली किंवा मागील फ्लायव्हीलचे बोल्ट ढिले झाले तरी हुबेहुब असाच आवाज येतो. फ्लायव्हीलचा असेल तर क्लच दाबल्यानें बहुधा त्यांत फरक पडतो; पुलीचा असेल तर पेंचकसाचें टोंक पुढच्या भागावर टेकवितांच कळतो. हे बोल्ट पाहण्यास थोडकेंच श्रम पडतात; एंजिन उघडण्यास अनेक दिवस लागतात. हवेच्या ब्रेकांच्या मोठ्या गाड्यांत आणखी एक फसवणूक असते. एंजिनाला जोडलेला हवेचा कॉम्प्रेसर हा स्वतःच एक लहान एंजिनासारखा आहे, व तोही झिजला म्हणजे ठोकतो. हवेची टाकी भरून फुस्स असा आवाज होतो, त्या क्षणीं कॉम्प्रेसरवरचा भार उतरतो. त्याच क्षणीं ठोका बदलला किंवा थांबला, तर रोग कॉम्प्रेसराचा, एंजिनाचा नव्हे. ब्रेक चार वेळां दाबून टाकी उतरवावी व पुन्हां ऐकावें.

याहून अधिक चुका नोझलविषयीं होतात. नोझल खराब झाला, त्याची सुई अडकली किंवा तो फवार न सोडतां थेंब टाकूं लागला, म्हणजे त्या एका सिलिंडरांत डीझेल अवेळीं व एकदम पेटतें. घण इतका कठीण बसतो कीं ऐकणारास बेअरिंगच गेलें असें वाटतें. हा आवाज अधिक धारदार, लोखंडावर लोखंड आपटल्यासारखा असतो व त्याबरोबर सायलेन्सरमधून काळा किंवा पांढरा धूर येतो. जुन्या यांत्रिक पंपाच्या एंजिनांत याची एक सुंदर परीक्षा आहे. एंजिन संथ चालू ठेवून मिस्त्रीनें एकेका नोझलवर येणाऱ्या नळीचा नट अर्धा आटा सैल करावा. त्या सिलिंडराला डीझेल मिळेनासें होतें व एंजिन लंगडूं लागतें. ज्या सिलिंडराचा नट सैल करतांच ठोका नाहींसा होतो किंवा पुष्कळ कमी होतो, रोग त्याच सिलिंडरांत आहे. पण एवढ्यानें नोझल कीं बेअरिंग हें कळत नाहीं, कारण स्फोटाचा भार गेल्यानें बेअरिंगाचा ठोकाही दबतो. म्हणून पुढची पायरी अवश्य करावी. त्या सिलिंडराचा नोझल काढून शेजारच्या सिलिंडरांत घालावा व शेजारचा येथें घालावा. ठोका नोझलबरोबर शेजारीं गेला तर नोझल दोषी. जागेवरच राहिला तर बेअरिंग, पिस्टन किंवा त्याची पिन. या अदलाबदलीस दुपार पुरते. ती न करतां एंजिन खोलून बसलेले व अखेर नोझल बदलून घरीं आलेले मालक थोडे नाहींत.

येथें एक सूचना ठळकपणें देणें आवश्यक आहे. वर सांगितलेली नट सैल करण्याची युक्ति कॉमन-रेल एंजिनावर कदापि करूं नये. त्याच्या नळ्यांतील दाब वातावरणाच्या दाबाच्या हजार पटींच्या वर जातो, आणि त्या दाबाची डीझेलची धार कातडी भेदून मांसांत शिरते. जखम टांचणीच्या टोंचणीएवढी दिसते, दुखतही फारसें नाहीं, आणि आंत हात किंवा बोट सडूं लागतें. जुन्या पंपाच्या नोझलसमोर हात धरणें हेंही याच कारणास्तव निषिद्ध आहे. असा प्रसंग घडलाच तर जखम लहान आहे म्हणून घरीं न बसतां त्याच घटकेस मोठ्या रुग्णालयांत जावें व डीझेल दाबानें आंत गेलें आहे असें डॉक्टरांस स्पष्ट सांगावें. कॉमन-रेल गाडीची परीक्षा यंत्रावर होते; तेथें प्रत्येक नोझल स्वतंत्र बंद करून पाहण्याची सोय असते, व तेवढें शुल्क देणें शहाणपणाचें.

एंजिनाच्या डोक्यावरचे आवाज त्या मानानें गरीब आहेत. झडपांच्या झांकणाखालीं शिवणयंत्रासारखी हलकी, ठरावीक टिकटिक येते ती टॅपेटांची. भार घेतल्यानें किंवा सोडल्यानें ती बदलत नाहीं, फक्त वेगाबरोबर जलद होते. कंपनीच्या पुस्तकांत दिलेल्या मापाची पट्टी घालून टॅपेट बसविले कीं काम झालें. उलट टॅपेट मुळींच वाजत नाहींत हें नेहमींच सुलक्षण नव्हे. फट अगदीं उरली नसेल तर झडप पूर्ण बसत नाहीं व तिची कड जळते. म्हणून किंचित् वाजणारे टॅपेट अगदीं मुक्या टॅपेटांपेक्षां बरे. टॅपेटासारखीच टिकटिक पण भार घेतांना वाढणारी, आणि जवळ गेल्यास फसफसणारी, ऐकूं आली तर ती सायलेन्सरकडे जाणाऱ्या जोडाची गळती असते. जोडापाशीं काजळीची रेघ दिसते. नोझलच्या बुडाशीं तांब्याचा वॉशर असतो, तोही गळूं लागला म्हणजे असाच फसफस आवाज येतो व भोंवतीं डांबरासारखा काळा थर जमतो. तो तसाच ठेवल्यास नोझल पुढें काढतांना घट्ट रुतून बसतो, यास्तव आळस करूं नये.

पट्ट्याची किंकाळी, पाण्याच्या पंपाच्या बेअरिंगाची घरघर, टर्बोची शीळ, यांविषयीं लांबण लावण्याचें कारण नाहीं. पट्टा काढून एंजिन मिनिटभर चालवितांच पहिले दोन आवाज थांबतात. यापेक्षां अधिक वेळ पट्ट्यावांचून चालवूं नये, नाहीं तर पाणी फिरत नाहीं व एंजिन तापतें. टर्बोची मंद शीळ स्वाभाविक आहे. ती भोंग्यासारखी चढूं लागली, किंवा तिच्याबरोबर निळा धूर येऊं लागला, तर मात्र टर्बोची दांडी सैल झाली असें समजावें. टर्बोच्या गाडीचें एंजिन लांबच्या चढावरून आल्यावर एकदम बंद न करतां दोन-तीन मिनिटें संथ चालूं द्यावें. तसें न केल्यानें आंतलें तेल जळून दांडी लवकर जाते. एंजिन बंद करतांना एकच मोठा धक्का बसून थडथड होत असेल तर ते बहुधा एंजिनाखालचे रबर बसलेले असतात. आवाज भीतिदायक असतो, खर्च थोडा.

एंजिनाच्या मागील आवाज एंजिनाच्या माथीं मारले जातात, त्यांची निवड क्लचवरून करावी. गाडी उभी, गिअर न्यूट्रल, एंजिन संथ चालू. येणारी घरघर क्लचचा पायटा पूर्ण दाबल्यावर थांबली तर ती गिअर-बॉक्सच्या बेअरिंगाची. पायटा दाबल्यावरच सुरू झाली तर क्लचच्या रिलीज बेअरिंगाची. गाडी जागेवरून हलतांना एकच खट्ट असा आवाज आला तर प्रॉपेलर शाफ्टचा क्रॉस झिजलेला असतो. धांवतांना मागील आंसाजवळ हुंकार येतो व ॲक्सिलरेटर सोडतांच त्याचा सूर बदलतो, तेव्हां क्राउन-पिनियन पाहून घ्यावें. हीं कामें एंजिनाहून स्वस्त आहेत असें सरसकट मात्र म्हणवत नाहीं. मोठ्या गाडीचें क्राउन-पिनियन मालकाचा घाम काढतें.

कानाच्या परीक्षेला डोळ्यांची जोड द्यावी ती येथें. एंजिन गरम व संथ चालू असतां तेल ओतण्याचें झांकण हलकेच उघडावें. थोडी वाफ येते ती चालेल. पण ठोक्याठोक्यानें धूर बाहेर पडत असेल व वर ठेवलेलें झांकण उडत असेल, तर आपले मिस्त्री ज्याला बॅक कॉम्प्रेशन म्हणतात तें हेंच. रिंगा व लायनर झिजले आहेत. तेल ताकासारखें पांढुरकें दिसलें तर त्यांत पाणी मिसळत आहे. रेडिएटरमध्यें एंजिन थंड असतांनाच बुडबुडे उठूं लागले, तर हेडचें गॅस्केट गेलें असण्याचा संभव मोठा. गरम रेडिएटरचें झांकण मात्र कधींही उघडूं नये.

अशा रीतीनें पाहिलेल्या गाडींत दोष निघालाच नाहीं असें क्वचितच होईल, आणि दोष निघाला म्हणून ती सोडलीच पाहिजे असेंही नाहीं. टॅपेट, वॉशर, रबर, पट्टा, एवढेंच वाजणारी गाडी निःशंकपणें घ्यावी. नोझल वाजत असेल तर नोझल व पंपाची तपासणी धरून भाव कमी करावा. पंप आंतून डीझेलच्याच वंगणावर चालतो. म्हणून ज्या गाडींत स्वस्ताईसाठीं रॉकेल मिसळून चालविलें गेलें, तिचा पंप झिजलेलाच निघतो हें ध्यानांत ठेवावें. तळ वाजत असेल तर एंजिन पूर्ण बांधण्याचा खर्च दोन ठिकाणीं विचारून, तो सगळा किंमतींतून वजा करूनच बोलावें. विकणारा तितकें उतरावयास तयार नसेल तर चहा पिऊन परत यावें. सोबत आपला मिस्त्री न्यावा, पण त्याची मजुरी आपण द्यावी. विकणाऱ्याकडून दलाली घेणाऱ्या मिस्त्रीचा कान कितीही तयार असला तरी तो आपल्यासाठीं ऐकत नाहीं.

गाडी घरीं आल्यावर पहिल्याच आठवड्यांत तेल व फिल्टर बदलावे. जुनें तेल एंजिन गरम असतांना उथळ परातींत काढून उन्हांत पाहावें, आणि काढलेला फिल्टर कापून त्याचा कागद उलगडावा. बारीक काळी काजळी असणारच. तांबूस किंवा रुपेरी चमकणारे कण दिसले तर ते बेअरिंगाचे आहेत, मग एंजिन त्या दिवशीं कितीही गोड चालत असो. त्यानंतर किलोमीटरचा आंकडा, तेल बदलल्याची तारीख व गरम एंजिनाचा तेलाचा दाब एका वहींत लिहून ती वही गाडींतच ठेवावी, आणि ड्रायव्हर बदलला कीं नव्या ड्रायव्हराला गार एंजिन एकदां सुरू करून ऐकवावें, म्हणजे पुढें त्यांत नवीन आवाज आला तर तो नवीन आहे हें त्याला कळेल.